बटाट्याचं सॅलड कोणी केलं?

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज माझ्या चवळीवर ब्लीच ओतलं.

रागाने अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. कपडे धुवायचं ब्लीच! पातेलंभर चवळी, पहाटे उठून शिजवलेली, शेजारी ट्रेमध्ये कोंबडी-भात, मक्याचा पाव. सगळ्यावर ओतलं. वाचनालयामागच्या बागेत माणसं कागदी ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. थॅडियस सगळ्यांत पुढे, नेहमीसारखी टोपी काढून. त्याच्या ताटलीत पहिला डाव रिकामा करणार, एवढ्यात आरोग्य खात्याची गाडी येऊन उभी राहिली. आणि तिच्यातून उतरावं कोणी? शरीता मॅब्रीने! जिला मी शाळेच्या बसमधून पहिलीपासून नेलं-आणलं, जिने एकदा माझ्या सीटमागे भडाभडा ओकून ठेवलं आणि मी तिच्या आईपाशी चकार शब्द काढला नाही, ती शरीता. आता गळ्यात ओळखपत्र अडकवून इन्स्पेक्टर झालीय.

"मिस अर्नेस्टीन, घरी शिजवलेलं अन्न असं बाहेर लोकांना वाढता येत नाही," म्हणाली. "परवाना लागतो. हात धुवायला वाहतं पाणी लागतं. स्वयंपाकघराची तपासणी झालेली असावी लागते."

"माझ्या स्वयंपाकघराची तपासणी माझी आई करून गेलीय," मी म्हटलं. "तिच्यापुढे तुमचं खातं पाणी भरेल. आणि ह्या लोकांची एवढी काळजी वाटते तर ते पुलाखाली झोपतात, तिथे का नाही जात तपासणीला? हा थॅडियस काल कचऱ्याच्या पेटीतून पिझ्झा काढून खात होता. त्याच्यावर कोणी ब्लीच ओतलं नाही ते!"

चांगली सुनावली. थॅडियसने टोपी परत डोक्यावर घातली आणि रांगेतून निघूनच गेला. घाबरला असेल गाडीला.

"ते माझ्या हातात नाही, मॅम," शरीता म्हणाली. "मागून कोणी उचलून खाऊ नये म्हणून नष्ट करावं लागतं." पातेल्याकडे न बघता ओतत होती, अर्धं ब्लीच स्वतःच्या बुटांवर सांडलं. बरं झालं. जाता जाता वर शहाणपण शिकवलंन: "चर्चमध्ये तुमची अंगतपंगत असते ना, प्रत्येकजण काहीतरी आणतो आणि सगळे एकत्र बसून खातात? तसं असतं तर मी गाडीतून उतरलेसुद्धा नसते."

म्हणजे जखमेवर मीठ. कुठे चर्च, कुठे बाग!

घरी आले, माझं झाकून ठेवलेलं ताट पुढ्यात घेतलं. बागेत मी जेवत नाही, कधीच नाही, माझं ताट घरी काढून मगच निघते. आज मात्र ताट तसंच परत झाकून ठेवलं. त्या ब्लीचचा वास नाकातून जाईना.

पुढच्या गुरुवारी मी जाणार. बघतेच कोण अडवतं ते.

६ ऑक्टोबर

सकाळी सकाळी ओडेसाचा फोन. ओडेसा क्रम्प माझी जुनी मैत्रीण, चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभी राहते आणि मला हसवायला मुद्दाम बेसूर गाते. गुरुवारी पातेली तिच्याच गाडीतून जातात. काल मला नि पातेल्यांना बागेत उतरवून ती नेमकी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, म्हणून तमाशा हुकल्याची तिला भारी हळहळ.

"अगं, तू तिच्या टाळक्यात डाव का नाही घातलास?"

"डाव चांगला आहे माझा."

"मग आता काय करायचं?"

"काय म्हणजे? चवळी भिजत घालायची."

८ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना झाल्यावर पास्टर व्हिटलॉकने मला बाजूला घेतलं. माणूस चांगला आहे, पण बोलायच्या आधी एवढा खाकरतो की ऐकणाऱ्याचा घसा दुखावा. चर्चचं तळघरातलं स्वयंपाकघर वापरू द्या, म्हणून मी विचारलं होतं. तर म्हणे तिथे एकच मोरी आहे आणि शहराच्या नियमाला तीन लागतात. म्हणे, "सिस्टर अर्नेस्टीन, काही दिवस नुसती बिस्किटांची पाकिटं वाटली तर?"

"येशूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा मोऱ्या किती होत्या, पास्टर?" मी विचारलं. पुन्हा खाकरला.

आज महिन्याची अंगतपंगत होती, म्हणून सगळे खाली तळघरात गेलो. लांब टेबलावर प्रत्येकीचं भांडं. मी नेहमीप्रमाणे एका टोकापासून सुरुवात केली. हे कोणी केलं? सिस्टर लव्हीने? वाढा. हे कोणी केलं? शेजारणीच्या नव्या सूनबाईने? नको, तिच्या सिंकमध्ये काल रात्रीची भांडी असतात, मी डोळ्यांनी पाहिलीत. बटाट्याचं सॅलड आलं तिथे तर मी थांबतेच. बटाट्याच्या सॅलडच्या बाबतीत चूक करायची नसते. अंडं, मेयोनेज, हाताने कालवायचं, त्यात काय काय जाईल सांगता येत नाही. "हे कोणी केलंय?" तर म्हणे सिस्टर हॅटीने. हॅटीची मांजरं ओट्यावर झोपतात! मी ताटली मागे घेतली. आईने मला बोलायला शिकवण्याआधी हे शिकवलं असेल: ज्याचं स्वयंपाकघर पाहिलं नाही, त्याच्या हातचं खायचं नाही.

ओडेसा मागून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "शरीताचं काय घेऊन बसलीस," म्हणाली, "खात्याने तुलाच नोकरी द्यायला हवी होती."

ह्यात हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. चवळी, कोंबडी-भात, पालेभाजी, पाव. ओडेसाने गाडी दुसऱ्या बाजूला लावली, डिकीतूनच वाढायला सुरुवात केली. माणसं आज उभ्या उभ्या, भराभर खात होती. मला ते बघवत नव्हतं. चोरीचा माल आहे का हा?

थॅडियस सगळ्यांत शेवटी आला. "मागच्या खेपेला पळालास कुठे?" मी विचारलं. त्याने आधी ताटली पुढे केली. जेवला, ताटली घडी करून कचऱ्याच्या पेटीत टाकली आणि मग म्हणाला, "मिस अर्नेस्टीन, तुम्हाला आत टाकलं तर आमच्या बाजूने कोण भांडणार? आमचं तर शहराच्या कचेरीत कोणी ऐकतही नाही."

"मी आतून भांडेन. आवाज कमी आहे का माझा?"

"नाही मॅम. तो पुलाखालीसुद्धा ऐकू येतो."

शरीता आलीच. ह्या वेळी सोबत पोलीस होता. जेवणं बहुतेक उरकली होती, पालेभाजी तेवढी सापडली, तिच्यावर ब्लीच. मला समन्स. आणि पोलिसाने तोंडी बजावलं की पुन्हा इथे वाढताना दिसलात तर गाडीत घालून नेऊ. मी त्याला म्हटलं, "बेटा, गाडी मोठी आण, माझे गुडघे दुमडत नाहीत."

शरीता पालेभाजीकडे बघत उभी होती. हळूच म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, मागच्या वेळी मी एक सांगितलं होतं. अंगतपंगत माझ्या खात्यात येत नाही. एकाने वाढलं आणि बाकीच्यांनी खाल्लं, तर माझा नियम लागतो. सगळ्यांनी आणलं आणि सगळ्यांनी खाल्लं, तर नाही लागत." लहान मुलाला सांगावं तसं सावकाश बोलली.

पोपटासारखं तेच तेच. बसमध्येसुद्धा अशीच होती, एक गोष्ट धरली की धरली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

ओडेसा घरी आली होती. मी समन्सवर शिव्या घालत होते, ती माझा कॉफीचा केक खात होती. (माझ्या घरी ती काहीही न विचारता खाते.) मी शरीताची नक्कल करून दाखवली, मान वाकडी करून, "सगळ्यांनी आणलं आणि सगळ्यांनी खाल्लं तर." ओडेसाचा घास तोंडातच राहिला.

"अर्नेस्टीन! अगं बये! ती पोर तुला वाट दाखवतेय!"

"कसली वाट?"

"अंगतपंगत कर! प्रत्येकाने काहीतरी आणायचं. मग परवाना नको, मोरी नको, काही नको. नोकरी सांभाळून ती आणखी किती स्पष्ट बोलणार? गाण्यात म्हणून दाखवायचं का तिने?"

मला ते कळलं होतंच. रागाच्या भरात लक्ष दिलं नाही, एवढंच. पण मी म्हटलं, "ज्यांच्याकडे डोक्यावर छप्पर नाही ते काय आणणार? कुठून आणणार?"

"तू कधी विचारलंस त्यांना?"

हे काय उत्तर झालं?

१७ ऑक्टोबर, मंगळवार

वाचनालयाच्या पायरीवर थॅडियस भेटला. सगळं समजावून सांगितलं. तो पूर्वी घरांची छपरं घालायचा, डोकं चालतं त्याचं, लगेच कळलं.

"म्हणजे आम्ही पण आणायचं."

"हो. पण काळजी करू नको, तू काहीही आण. बिस्किटाचं पाकीट आण, सॉसची पुडी आण. नुसतं दाखवायला. टेबलावर दिसलं की झालं. खायला माझं आहेच."

"दाखवायला," थॅडियस म्हणाला.

"हो ना, दाखवायला."

टोपी डोक्यावर ओढली. मग म्हणाला, बघतो, बाकीच्यांना सांगतो, आणि उठून गेला. धड निरोपही घेतला नाही. मी एवढं गुडघे दुखवत तिथवर गेले ते ह्यांच्याच पोटासाठी ना? म्हाताऱ्याला कशाचा राग आला देवाला ठाऊक.

परवा धरपकड झाली तर झाली. औषधाच्या गोळ्या पर्समध्ये टाकून ठेवल्यात.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं नीट लिहायचंय आज.

ओडेसाने चर्चमधून दोन घडीची टेबलं आणली होती, पास्टर खाकरायच्या आत. मी माझी पातेली मांडली. माणसं यायला लागली. मी म्हटलं होतं नुसतं दाखवायला, पण कोणी तसं आणलंच नव्हतं. एका बाईने पेट्रोल पंपावरची केळी आणली होती, पिशवीत कागद घालून, काळी पडू नयेत म्हणून. दोघांनी मिळून एक भाजलेली कोंबडी आणली होती, बंद होताना दुकानवाला स्वस्तात देतो ती. एकाने पीचचा डबा आणि तो उघडायचा ओपनर. प्रत्येकजण आपलं भांडं कुठे ठेवलंय ते लांबून बघत होता. चर्चमध्ये आम्ही बायका बघतो तसंच.

थॅडियस प्लास्टिकचा मोठा वाडगा दोन्ही हातांत धरून आला. वरून रुमाल झाकलेला. टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवला आणि रुमाल काढला.

बटाट्याचं सॅलड.

अरे देवा, मी म्हटलं, जगात दुसरं काही नव्हतं का?

मी डाव घेऊन वाढायला उभी राहिले आणि गाडी आली. शरीता उतरली, तिच्यामागून तिचा वरिष्ठ, मिस्टर होल्कम. पांढरा शर्ट, घडी मोडलेली नाही. पोलीसही होता, गाडीला टेकून. होल्कमने टेबलभर नजर फिरवली.

"अंगतपंगत आहे, सर," शरीता म्हणाली. "सगळ्यांनी आणलंय."

"आणलेलं दिसतंय," होल्कम म्हणाला. "पण मला इथे एकच बाई वाढताना दिसतेय आणि बाकीचे रांगेत. हे नाटक आहे. अंगतपंगतीत सगळे सगळ्यांचं खातात." मग माझ्याकडे वळला. "मॅम, तुमची ताटली कुठाय?"

माझी ताटली घरी होती. ओव्हनमध्ये, झाकून.

सगळी बाग माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार होते? की मी इथे कधीच जेवत नाही? पोलीस गाडीला टेकलेला होता तो सरळ झाला. ओडेसाने माझ्या हातात कागदी ताटली दिली. मी केळ्याकडे हात नेला. केळं सोलून खाता येतं. तर होल्कम म्हणाला, "केळं तर सगळेच खातात, मॅम." बारीक नजरेचा आहे मेला. आणि थॅडियस वाडग्यामागे उभा, टोपी हातात, माझ्याकडे न बघता बटाट्यांकडे बघत.

माझ्या तोंडून निघून गेलं. आयुष्यभराची सवय, जीभ थांबेना: "हे कोणी केलंय?"

थॅडियसने टोपी चुरगळली. तिथे सगळ्यांना माहीत आहे हा प्रश्न कशासाठी विचारतात.

"मी," थॅडियस म्हणाला.

"कुठे केलंस?"

"धोबीखान्यात. तिथली बाई मला तिची विजेची किटली लावू देते. बटाटे त्यात उकडले. अंडी पंपावरची, उकडलेली मिळतात ती. मेयोनेजच्या पुड्या मी एरवीही साठवतो, खोललेली एकही नाही. हात तिथल्या बेसिनमध्ये धुतले, साबणाने." सगळं सांगून झाल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं आम्ही तुमच्या हातचं खातोय, मिस अर्नेस्टीन. आमच्यातल्या कोणाला कधी विचारता आलं का, हे कुठे केलंय म्हणून?"

मला उत्तर आलं नाही. मला! बसमध्ये पन्नास पोरांना एका नजरेत गप्प बसवणाऱ्या बाईला!

मी सॅलड वाढून घेतलं. चमचाभर नाही, चांगलं ताटलीभर. आणि उभ्याने नाही, थॅडियसच्या शेजारी बाकावर बसून खाल्लं, होल्कमच्या डोळ्यांत डोळे घालून. पहिला घास गिळताना आई आठवली, खोटं कशाला बोलू. दुसरा गेला. तिसऱ्याला चव लागली.

"कसंय?" थॅडियसने विचारलं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. "आणि मोहरीचा सॉस थोडा चालला असता."

तो एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडची कबुतरं उडाली. "मोहरीच्या पुड्या देत नाहीत हो ते!" मग सगळेच हसायला लागले आणि रांग मोडली, जो तो आपापल्या हाताने वाढून घ्यायला लागला. माझ्या चवळीला कोणी विचारेना, सगळे सॅलडवर!

मी होल्कमला म्हटलं, "बसा ना, साहेब. काय आणलंत तुम्ही?"

"मी काही आणलं नाही."

"मग बाजूला व्हा. ही अंगतपंगत आहे. रिकाम्या हाताने आलेल्याला इथे जागा नाही."

पोलिसाने तोंड फिरवलं, हसत होता बहुतेक. होल्कम म्हणाला की हा विषय शहराच्या सभेपुढे जाईल, नियमात दुरुस्ती होईल. मी म्हटलं, सभा कधी आहे ते कळवा, आम्ही सगळे येऊ आणि वाडगा घेऊन येऊ. शरीता गाडीत बसताना मागे वळली. मी तिला हात केला. पोर ओठ चावत होती. बसमध्ये रडू आवरताना असंच करायची.

२० ऑक्टोबर

ओडेसाचा फोन. "जिवंत आहेस?"

"पोट ठणठणीत आहे."

"मग आवाज का असा?"

रात्रभर झोपले नाही, म्हणून. पोटामुळे नव्हे. थॅडियसने विचारलं ते मनातून जात नाही. लाज वाटते मला. पोटभर वाढत होते म्हणून कोणाला विचारायची सोयच ठेवली नव्हती. घरी जेवायला तर सोडाच, त्यांच्यातल्या एकालाही मी माझ्या पायरीवर उभं केलेलं नाही.

दुपारी वाचनालयापाशी गेले, थॅडियसला पहिल्यांदाच आडनावाने हाक मारली. म्हटलं, "मिस्टर गेन्स, बुधवारी माझ्या घरी या. स्वयंपाकघर बघा. पसंत पडलं तर माझ्या हातचं खा, नाहीतर खाऊ नका."

त्यांनी टोपी काढली. "किती वाजता?" म्हणाले.

२५ ऑक्टोबर, बुधवार

मिस्टर गेन्स आले. दाढी करून, इस्त्री नसलेल्या पण धुतलेल्या शर्टात. दारातल्या पायपुसण्याला बूट इतके घासले की मला म्हणावं लागलं, पुरे.

मला वाटलं होतं बाहेरून बघतील, छान आहे म्हणतील, कॉफी घेतील. कसलं काय! हात पाठीमागे बांधून ओट्यापाशी उभे राहिले. सिंकमध्ये डोकावले. ओव्हनच्या वरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं. परीक्षेला बसल्यासारखी मी माझ्याच स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी! मग फ्रीज उघडला. दुधाचा डबा काढला, झाकण काढून हुंगला.

"हे नासलंय, मिस अर्नेस्टीन."

"परवाच आणलंय!"

"नासलंय."

मी हुंगलं. नासलं होतं. त्यांच्यादेखत सिंकमध्ये ओतून टाकलं.

ते आणखी एकदा सगळीकडे फिरले, अगदी खिडकीच्या चौकटीपर्यंत. मग म्हणाले, "बाकी ठीक आहे. खाईन मी तुमचं."

काय सांगू, मला रडू फुटलं. नवऱ्याच्या अंत्यविधीला रडले नव्हते एवढी रडले. ते शांतपणे खुर्ची ओढून बसले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि उद्याची चवळी पुढ्यात ओढून निवडायला घेतली. शहराच्या सभेने पुढे काय करायचं ते करावं, उद्या पातेलं चढणार आहे. डोळे पुसून मी समोर बसले आणि चवळीत हात घालणार, तेवढ्यात मिस्टर गेन्सनी परात आपल्याकडे ओढून घेतली.

"आधी हात धुवा," म्हणाले.

मी धुतले.